थांबा, नवीन येतंय

जयसिंग : ...आणि परत तेच! कंपनीनं नवा घडीचा फोन काढलाय, म्हणे मधली घडी दिसतच नाही. गेल्या खेपेलाही हेच म्हणाले होते लेकाचे. उल्का, हे बघ, दिसते का नाही घडी? मला तर ढळढळीत दिसतेय.

उल्का : मला समोरची पाटी दिसतेय. 'कृपया मोबाईल बंद ठेवावा.'

जयसिंग : सायलेंटवर आहे.

उल्का : फोन आहे हो. तुम्ही नाही.

जयसिंग : ग्रुपवर टाकायला पाहिजे लगेच. पोरं विचारतायत कालपासून, 'दादा, घेऊ का?' थांब, लिहितो. 'अजिबात नको. बिजागरी अजून कच्ची आहे. थांबा, पुढचं मॉडेल येऊ द्या.'

उल्का : तुमच्या त्या ग्रुपवर आजवर कुणी काही विकत घेतलंय का हो?

जयसिंग : हस, हस. त्या काचेच्या टॉवरमध्ये बसणारी इंजिनियर पोरं आपल्या पीजीत राहतात आणि फोन घ्यायचा तर मला विचारतात. दहावी झालेल्या माणसाला. ज्या रानात मी शेळ्या वळल्या, तिथं आता काय चाललंय ते मला कळायला नको?

उल्का : कळावं की. पण आपलं नाव पुकारलं तर तेही कळू द्या. आबांना ऐकू येणार नाही आणि तुमचं लक्ष नाही. संध्याकाळपर्यंत बसू इथंच, कानाच्या दवाखान्यात, स्वारगेटची हवा खात.

गेनबा : काय म्हणतीस, सूनबाई?

उल्का : काही नाही, आबा! बसा निवांत! आपला नंबर यायचाय!

गेनबा : व्हय व्हय.

जयसिंग : काय कळलं आता त्यांना?

उल्का : काही नाही. समोरच्याचं तोंड हललं की व्हय म्हणायचं, एवढं धरून ठेवलंय त्यांनी. पीजीतल्या त्या नागपूरच्या मुलानं विचारलं, 'आजोबा, कुत्रा ठेवू का?' तर व्हय. आता ते कुत्रं आपल्या जिन्यात झोपतं आणि मलाच गुरगुरतं.

जयसिंग : गोड आहे गं कुत्रं.

उल्का : तुम्हाला काय, तुम्ही कानात ती पांढरी बोंडं घालून जिना चढता. भुंकतं कुणावर ते मला विचारा.

जयसिंग : त्याचीपण बातमी आहे बघ. इअरबडची. आता म्हणे बाहेरचा आवाज आणखी कमी येणार. आता आणखी काय कमी करणार? माझे आत्ताचेच असे आहेत की शेजारी ढोलपथक वाजलं तरी पत्ता लागत नाही. आईच्या वेळेला घेतलेले ना हे. म्हणजे, दवाखान्यात होती तेव्हा.

उल्का : आठवतंय मला.

जयसिंग : या घडीच्या फोनचा पहिला कार्यक्रम होता त्या दुपारी. लाइव्ह. आख्खा बघितला मी. काय टाळ्या पडल्या होत्या!

उल्का : त्या दुपारी? मी खाली औषधं आणायला गेले होते, तेव्हा?

जयसिंग : हां, तेव्हाच. तिथंच, खिडकीपाशी बसून. इअरबड घातले होते, आईला काही त्रास नाही झाला.

उल्का : नाही. त्यांना तुमचा त्रास झाला नाही, हे खरंय.

जयसिंग : लगेच टोमणा. तुम्हा पेठेतल्या लोकांना सरळ बोलायला कुणी शिकवत नाही का गं? ...अरे! अगं, हे बघ, हे बघ! कानाच्या यंत्राचीच बातमी! नवीन चिप. गलक्यातून समोरच्या माणसाचा आवाज नेमका वेगळा काढते. दिवाळीपर्यंत येतंय म्हणे बाजारात. कसली भारी गोष्ट आहे! उल्का, मी काय म्हणतो, आलोच आहोत तर आज नुसती तपासणी करून घेऊ. यंत्राचं मग दिवाळीला...

उल्का : खबरदार.

जयसिंग : अगं, ऐकून तर घे...

उल्का : खबरदार सांगते! पुढचा शब्द काढलात तर ह्या सगळ्या लोकांसमोर तो फोन त्या माठात बुडवीन. आई असताना काय म्हणाला होतात? 'थांब, ब्लूटूथवालं येतंय.' ते आलं. मग म्हणालात, 'थांब, सेल बदलावे लागत नाहीत असं येतंय.' तेही आलं. मग काय, तर आवाज आपोआप लहानमोठा करणारं. आबांचे कान काय फोन आहेत, पुढच्या मॉडेलपर्यंत टिकतील म्हणायला?

जयसिंग : हळू बोल, लोक बघतायत.

उल्का : बघू देत. इथं सगळे बहिरेच आहेत.

जयसिंग : मला त्यांच्यासाठी चांगल्यातलं चांगलं घ्यायचं होतं, उल्का. आईशप्पथ. जन्मभर माणसानं दुसऱ्याची जुनी मोट, जुना पंप, जुनी लूना वापरली. म्हटलं, एक वस्तू तरी नवी कोरी, एक नंबरची मिळू दे.

उल्का : आणि तुम्ही स्वतः थांबलात कधी? तेवढ्यात तुमचे किती फोन झाले?

जयसिंग : माझं वेगळं आहे. मी जुना विकून...

उल्का : आई मला काय म्हणाल्या होत्या, माहितीये? 'सूनबाई, ह्यांच्या कानाचं तेवढं बघ गं. मी घरात भिंतीशी बोलल्यासारखी बोलते.' मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, नव्या यंत्राची लिंक पाठवतो. मला लिंक पाठवलीत तुम्ही! घरातल्या घरात!

जयसिंग : ...हो. पाठवली होती.

गेनबा : भांडताय का रं दोघं?

जयसिंग : नाही, आबा! काही नाही!

गेनबा : व्हय व्हय.

उल्का : उठा. पुकारलं नाव. तो फोन द्या इकडे. द्या म्हणते ना.

(तपासणीनंतर, हिंजवडीकडे निघालेली गाडी. जयसिंग चालवतोय, शेजारी गेनबा, मागे उल्का. गेनबांच्या दोन्ही कानांत दवाखान्यानं वापरून बघायला दिलेली यंत्रं आहेत.)

गेनबा : जयसिंगा, ह्ये टिकटिक काय वाजतंय रं?

जयसिंग : कुठं काय? ...हां, हा बघा, इंडिकेटर, आबा! इंडिकेटर! गाडी वळवताना वाजतो!

गेनबा : ही गाडी घेतल्यापासनं वाजतुया?

जयसिंग : हो!

गेनबा : बगा! मला वाटायचं, गाडी मुकी हाय. आन् ह्ये भ्यां भ्यां करून कोन वराडतंय मागं?

उल्का : ते पुणेकर आहेत, आबा! सिग्नल सुटायच्या आधीच हॉर्न देतात!

गेनबा : काय?

उल्का : हॉर्न! हॉर्न!

गेनबा : व्हय व्हय. मंडईत माल घिऊन जायचो, तवा ह्यो असाच गलका असायचा. तुज्या आईचा आवाज त्यातनंबी कळायचा मला. गाजरं इकायला बसली की अशी हाळी द्यायची, पार पलीकडच्या फळवाल्यापत्तुर जायची. लई झ्याक वाटतंय, पोरांनो. गलका का हुईना, पर हाय.

जयसिंग : बघ. खूश आहेत की नाही?

उल्का : आहेत. पण तपासणाऱ्या मॅडम काय म्हणाल्या ते कळलं ना तुम्हाला?

जयसिंग : कळलं.

उल्का : सांगा मग.

जयसिंग : कशाला परत परत, उल्का?

उल्का : कारण घरी गेल्यावर तुम्ही ग्रुपवर यंत्राचा फोटो टाकाल, आणि मॅडमचं वाक्य तेवढं विसराल.

जयसिंग : नाही विसरणार. आवाज पोचतोय, पण शब्द सुटे होत नाहीत, म्हणाल्या. बरीच वर्षं कानावर बोलणं पडलं नाही, की डोक्याला ते ओळखायची सवय राहत नाही. समोर बसून, सावकाश बोलायचं, रोज. थोडं सुधारेल. पण जे गेलं ते पुरतं परत यायचं नाही. मग यंत्र कुठलंही आणा.

उल्का : कुठलंही आणा.

जयसिंग : मी विचारलं त्यांना. म्हटलं, ती नवी चिप आली तर? तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'साधं यंत्र तेव्हा लावलं असतंत, तर आज ते तुमच्याशी गप्पा मारत असते.' एवढंच म्हणाल्या. रागावल्यापण नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं गं.

उल्का : समोर बघा. रिक्षा आली मध्ये.

जयसिंग : चुकलंच माझं. मी जगाला शहाणपण शिकवत बसलो, आणि घरात हे. काय मिळवलं मी थांबून?

उल्का : ...रडू नका आता. गाडी चालवताय. आबा बघतायत.

गेनबा : आलं काय वाकड गाव? गाडी हलंना झाली.

जयसिंग : ट्रॅफिक, आबा! कंपन्या सुटल्या!

गेनबा : व्हय व्हय. सुटूद्यात. जयसिंगा, गाडी उभीच हाय तर एक इचारू का? लई दिस मनात हाय.

जयसिंग : विचारा की, आबा!

गेनबा : तुजी आई दवाखान्यात व्हती. ती गेली त्या दिसाची गोष्ट. दुपारच्याला तिला जरा बरं वाटलं, बग. उठून बसली. माजा हात धरला आन् बोलाय लागली. लई येळ बोलली, जयसिंगा. यवढं ती कदी बोलत नसायची. डोळ्यांत पाणी, मदीच हसायची बी. आन् मला एक अक्षर कळंना.

उल्का : आबा...

गेनबा : मला म्हणवंना, मला ऐकू येत न्हाय म्हणून. म्हणलं, यवढी बोलतीया, मदी कुटं तोडू? मग म्या आपलं व्हय व्हय म्हणत बसलो. शेवटाला तिनं कायतरी इचारलं. इचारलंच, तोंडावरनं कळत व्हतं. म्या म्हणलो, व्हय. तशी हसली, आन् पडली निवांत. सांजच्याला ग्येली.

उल्का : हे तुम्ही कधी बोलला नाहीत, आबा. मी लगेच वर आले असते हो. खाली रांग होती.

गेनबा : तवापासनं डोक्यात एकच घोळतंय. म्या कशाला व्हय म्हणलो? तिनं कायतरी मागितलं आसंल. कुणाला काय द्याचं आसंल, कुटल्या देवाचं राहिलं आसंल. म्या व्हय म्हणून बसलो, आन् क्येलं काय बी न्हाय. ती तिकडं वाट बगत आसंल.

जयसिंग : आबा, तसं काही नसेल. आईनं काही तसं...

गेनबा : काय म्हणतूस? समोर बगून बोल की. त्या बाईनं खुणा करून सांगितलंय ना, समोर बगून बोलायचं.

जयसिंग : म्हटलं, तसं काही नसेल, आबा.

गेनबा : न्हाय कसं? तू तर तितंच व्हतास की. खिडकीपाशी. तुज्या दोनी कानात ती पांढरी यंत्रं व्हती. म्या मनात म्हणलं, बिचाऱ्या पोराचे कानबी माज्यावानीच ग्येले, आन् यवढ्या तरणेपणी! पर बरं झालं, म्हणलं. यंत्र हाय, ह्याला तरी सगळं ऐकू येतंय. नंतर ह्यालाच इचारू.

उल्का : (पुढे वाकून, त्यांच्यासमोर तोंड आणून, सावकाश) मग विचारलं का नाहीत, आबा? तेव्हाच?

गेनबा : इचारून काय करू, पोरी? त्यो सांगंल ते ऐकाय माजे कान कुटं व्हते? कागदावर लिवून मागावं, तर मला वाचाया येत न्हाय. आन् दुसऱ्या कुणाला वाचाय लावायचं, तर ते नवराबायकूचं बोलणं. म्हणलं, यंत्र मिळंल तवा इचारू. ह्यो हातानं खूण करून सांगायचा, थांबा, थांबा, चांगलं येतंय. म्हणून थांबलो.

जयसिंग : उल्का, तू सांग ना त्यांना काहीतरी.

उल्का : काय सांगू? मी खाली होते.

जयसिंग : काहीही सांग. कुलदैवताला जाऊन या म्हणाली होती, असं सांग.

उल्का : ते तुम्हाला विचारतायत.

गेनबा : हळू बोलताय का दोघं? मला नुस्तं गुणगुणल्यावानी येतंय. जयसिंगा, हिकडं बग. हां, असं. आता सावकाश सांग, एकेक शब्द. भिऊ नगंस, न्हाय कळला एखादा तर परत इचारीन. बोल. आता माज्याबी कानात यंत्र हाय.