टँकर आल्याची हाक

माझी नात सायली पॉडकास्ट करते. म्हणजे तिनं फोनवर बोलायचं आणि लोकांनी आपापल्या घरी ऐकायचं. परवा हिरमुसून म्हणाली, "आजोबा, माझी सुरुवात ऐकूनच लोक बंद करतात हो. दुष्काळात तुम्ही पुंडलिकनगरात टँकर आल्याचं भोंग्यावर पुकारायचात ना? सुरुवात कशी करायचात?"

म्हटलं, ती मला आमच्या वस्तीतल्या गोदामावशीनं शिकवली.

तेव्हा घरं भराभर उठली होती, पण नळ पोचले नव्हते. पहिल्या दिवशी मी रिक्षात बसून सुरू केलं, "रामराम मंडळी, सर्व माता-भगिनींना नम्र विनंती..." सगळं ऐकून घेऊन गोदामावशी हंडा घेऊन आली, तर टँकर रिकामा.

"व्हय रे बाबा, तुझा रामराम संपेस्तोवर पाणी संपलं की! आता लेकरांला काय तुझा रामराम पाजू?"

दुसऱ्या दिवसापासून मी आधी दोनच शब्द म्हणायचो, "पाणी आलं!" धडाधड दारं उघडायची.

"भारी!" सायली हसली. "आणि शेवट?"

"शेवटी म्हणायचो, ढकलाढकली करू नका, सगळ्यांना पुरंल."

"पुरायचं?"

"नाय गं. लई कमी असायचं. पण तेवढं ऐकलं की रांगेतल्या पुढच्या बाया एकेक हंडा कमी भरायच्या."