मामाने सोडलेले दोन मासे

मी उमरीची. वडील तिथेच शाळेत शिक्षक, त्यामुळे शिकण्याला घरातून कधी आडकाठी झाली नाही. नांदेडला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि नोकरीच्या मागे न लागता श्रिंप वाढवायचं ठरवलं. श्रिंप म्हणजे गोड्या पाण्यातला, नखाएवढा, शोभेचा लाल झिंगा. जागा मिळाली ती लातूरला, मामाच्या ॲक्वेरियमच्या दुकानामागच्या खोलीत. तिथेच सगळं बिघडलं.

काय सांगू तुम्हाला, लातूरमध्ये पाणी जपायची सवय लोकांच्या हाडात भिनलेली आहे, टाकीतलं पाणी बदलणं म्हणजे उधळपट्टी वाटते, आणि मामाने नेमका त्यावरच धंदा उभा केला: काच हिरवी झाली की शेवाळ खाणारा मासा न्या, पाण्याला हात लावू नका. माझ्या टाकीची काच मात्र मी मुद्दाम हिरवी ठेवलेली होती, कारण श्रिंपची पिल्लं त्या थरावरच जगतात. दर पिढीतले गडद लाल तेवढे निवडत निवडत मी स्वतःचा वाण तयार करत होते. ती पिल्लं म्हणजेच माझं पुढचं सगळं. हे मामाला सांगितलं होतं. एकदा नव्हे, अनेकदा.

चुलत बहिणीच्या लग्नाला मी उमरीला गेले. परत आले तर काच लख्ख. तळाशी दोन लांबट मासे, पिल्लू एकही नाही, मोठे श्रिंप तेवढे दगडामागे दबून बसलेले. मी विचारलं, हे कोणी सोडले. मामा म्हणाला, म्याच सोडले की, गिऱ्हाईक आत डोकावतंय अन् तुझी टाकी डबक्यावानी, लाज वाटून राहिली हुती मला. मी म्हटलं, मामा, पिल्लं खाल्ली त्यांनी. तर म्हणे, येडी का काय तू, शाकाहारी मासा हाय ह्यो, शेवाळ सोडून कशाला तोंड लावत न्हाई. अहो, शेवाळ खातो म्हणजे फक्त शेवाळच खातो असं नसतं. तोंडात मावेल ते तो गिळतो, आणि मोठा झाला की शेवाळाकडे ढुंकूनही पाहत नाही. मी हे सांगत होते आणि मामा गिऱ्हाइकाकडे बघून हसत होता, बघा, एम.एस्सी. झालेली भाची, झिंग्यांसाठी रडून राहिली. मी रडत नव्हते. मी उरलेले श्रिंप जाळीने काढून बादलीत घेत होते.

त्यांत अंडी धरलेल्या माद्या होत्या म्हणून वाण वाचला. आता नांदेडला भाड्याची खोली आहे, टाक्या माझ्या आहेत, कुलूपही माझं. आई म्हणते, सख्खा मामा हाय, इतकं ताणू न्हाई. चुकलं असं तो आजवर एकदाही म्हणालेला नाही, हे ती बोलत नाही. परवा त्याने तिच्याकडे निरोप धाडला, लाल झिंगे लोक लई मागून राहिलेत, पोरीला म्हणावं थोडे दे. मी आईला म्हटलं, सांग त्याला, दुकान चालो, तब्येत उत्तम राहो, नातवंडं सुखात राहोत. श्रिंप मिळणार नाहीत. आणि का म्हणून विचारलं, तर तू काही सांगू नकोस. ते सांगून झालेलं आहे.