आरतीच्या वेळी आलेला फोन

ही शाल आधी काढून घ्या. नोकरीवरून काढलेल्या माणसाच्या आईला शाल कसली पांघरता? आणि तीही ज्यांनी काढलं त्यांच्याच हातून! थंडी वाजत असेल म्हणून दिली असेल, तर एसी कमी करा.

हां, आता रीतीचं. आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि माझ्या मुलाचे, प्रल्हादचे, साहेब राजनराव, व्यासपीठावरचे पाहुणे, मंडळाच्या कार्यवाह अनुपमाताई, आणि वड्यांचा वास आल्यापासून मागे वळून वळून बघणारे तुम्ही सगळे, नमस्कार. मी चौथी शिकलेली बाई. भाषण येत नाही. घडलं ते सांगते.

आत्ता तिघे जण बोलले, प्रल्हाद फार शांत, प्रल्हाद फार कष्टाळू. मग अशा माणसाला घरी का पाठवताय, हे कुणी का नाही सांगितलं?

साहेबांची कंपनी इथे दुबईत, पण जहाज पार वर, बर्फाच्या समुद्रात. तळाखाली तेल आहे का ते शोधायला पाण्यात हवेचे बार उडवतात. तो समुद्र ज्या देशाचा, त्या देशाचा कायदा असा, की जहाजावर एक माणूस नुसता देवमाशांवर नजर ठेवायला हवा. देवमासा जवळ दिसला की बार बंद. तो लांब गेल्याशिवाय सुरू करायचे नाहीत. मी मासा म्हटलं की माझी नात मिहिका ओरडते, "आजी, इट्स नॉट अ फिश! शी फीड्स मिल्क!" बरं बाई, पाजते दूध.

गेल्या वर्षी गणपती शुक्रवारी बसले. इथे सुट्टी, जहाजाला कसली सुट्टी? कंपनीचा मोबाइल प्रल्हादकडे. थांबायचं की सुरू करायचं, ते तोच सांगणार. बर दुबई भागातल्या आमच्या घरी पाहुणे जमले नि फोन वाजला. देवमाशाची मादी आणि तिचं पिल्लू जवळ आलंय, बार थांबवलेत. प्रल्हाद म्हणाला, "थांबूनच राहा." आरती सुरू झाली नि पुन्हा वाजला. तेव्हा याच्या हातात ताट. यजमानाने आरती मध्येच सोडायची नसते. त्याने मानेनेच खुणावलं, आणि पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी फोन घेतला.

"अभी तक वहीं है? जहाज का भाडा तेरा बाप भरेगा? चालू करो, यल्ला, जल्दी!"

फोन ठेवला आणि टाळ्या वाजवायला लागले. मी शेजारी नैवेद्य घेऊन उभी. तुमच्यातलेही निम्मे तिथे होते.

बार पुन्हा सुरू झाले नि पिल्लाची आई एकीकडे गेली. पिल्लू जहाजामागे एकटंच फिरत राहिलं, मग तेही दिसेना. मिहिका विचारते, "आजी, डिड इट डाय?" मला काय माहीत? कुणालाच माहीत नाही.

चौकशी लागली. फोन प्रल्हादचा, म्हणून हुकूमही प्रल्हादचा. व्हिसा खलास. तो गप्प, कारण साहेबांनी एनओसी, ते ना-हरकत पत्र, दिलं नाही तर इथे पुन्हा नोकरी मिळायची नाही.

सगळ्या बायका विचारतात, आजी, वाईट वाटत असेल ना? नाही वाटत. दाढ काढताना सुई टोचल्यावर होतं तसं झालंय. ओढतायत ते कळतं, दुखत नाही. सून उर्मिलाचंही तेच. बॅग भरते, रिकामी करते, पुन्हा भरते.

राजनराव, घड्याळ बघू नका. तुम्ही वाईट माणूस नाही. प्रल्हादचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्हीच गाडी घेऊन धावलात. म्हणून तर त्याने फोन तुमच्या हातात जाऊ दिला.

हॉल घेतलात, वडे केलेत, आभार. माझं तोंड असंच आहे. कुणाला लागलं असेल तर म्हातारी म्हणून सोडून द्या.

प्रल्हादचं विमान सोमवारी. त्या देशाचे अधिकारी ऑफिसात येणार मंगळवारी, बार सुरू करायला कुणी सांगितलं ते विचारायला. कंपनीने तिकीट सोमवारचंच का काढलं, ते मी विचारत नाही. पण मंगळवारी ऑफिसातल्या कुणा पोरीला पुढे करायचं नाही. "तो गेला, त्याला विचारा," असंही म्हणायचं नाही. राजनराव, उत्तर तुम्ही द्यायचं.