मागच्या रांगेतली वीस झाडं

तुम्हाला ती मागची रांगच का हवीये, ताई? हो, दिसायला तीच सगळ्यात भरलेली, मला काय दिसत नाही का, येणारं माणूस आधी तिकडेच बोट करतं — पण ती विकायची नाहीये. ही पुढची घ्या ना. ह्याच वाडीतली, आमच्या जिव्याच्या हातची. चाळीस वर्षं तो घोलवडात चिकूची कलमं बांधतोय, त्याने बांधलेलं सहसा मरत नाही. टेम्पोला अर्धा तास आहे म्हणताय ना? मग बसा निवांत. नाही नाही, त्या खुर्चीवर नको, साडीला केस लागतील, ती लालीची. लाली म्हणजे शेजारच्या चंद्रिकाबेनची बकरी. हसा, सगळेच हसतात — पण ती खरंच बसते हो, पुढचे दोन पाय वर, मागचे खाली, आणि रस्त्याकडे बघत राहते, जसं काही कोणी येणार आहे तिच्याकडे.

चंद्रिकाबेनचा मुलगा विनोद वापीला कंपनीत लागला, तिकडेच बिऱ्हाड केलं, त्याच वर्षी ही लाली आली. एवढीशी होती, आई मेलेली, बाटलीने दूध पाजून वाढवली. आता काय — सकाळी चहात बुडवून बिस्कीट, संध्याकाळी टीव्हीसमोर गोणपाटावर. आणि दोरी नाही. लालीला दोरी कधीच नाही. मी एकदा म्हटलं होतं, हळूच, की बेन, दिवसा तरी बांधत जा गं. तर म्हणाली, ‘मनोरमाबेन, दोरी जनावराला बांधतात.’ मी आपली ‘बरं गं’ म्हणून निघून आले. माझं तेच आहे, ताई, मला कुणाला टाकून बोलताच येत नाही. शाळेतही बाई म्हणायच्या, मनोरमा, हात तरी वर कर.

तर गेल्या वर्षी, होळीच्या आधी, मी तळासरीला भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. संध्याकाळी येऊन बघते तर हिरवी जाळी एका बाजूने उचललेली आणि मागच्या रांगेतल्या कलमांच्या साठ पिशव्या — साठच्या साठ — न्हाव्याने मशीन फिरवावी तशा वरून साफ. आणि मधोमध लाली, रवंथ करत. चंद्रिकाबेन धावत आली, माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली. ती रडायला लागली की मला सुचत नाही काही. मी म्हणून गेले, ‘जाऊ दे गं, पानंच तर खाल्लीत, येतील परत.’ एवढं एक वाक्य. ते बोलले नसते ना, तर पुढचं काही झालंच नसतं.

कारण दुसऱ्या दिवशी जिव्या आला, खाली बसला, एकेक पिशवी फिरवून बघितली आणि म्हणाला, ‘बाय, चिकू गेला. रायण राहिली.’ तुम्हाला कळलं नाही का? कसं असतं — कलमात खाली रायण असते, तिची मुळं चिवट, आणि वर चिकूची फांदी बांधलेली असते. ही पट्टी दिसतेय ना, हा सांधा. लालीने पट्टीच्या वरचं सगळं खाल्लं. मग फुटलं ते पट्टीच्या खालून. झाड जोरात वाढतं, हिरवंगार दिसतं, फक्त ते चिकूचं नसतं. हे पान बघा. टोक निमुळतं आहे? हा चिकू. आता थांबा, मागचं आणते — हे घ्या. टोकाला कशी बारीक खाच आहे, कोणी नखाने खुडल्यासारखी. ही रायण. कळलं ना? आता तुम्हाला कोणी फसवणार नाही.

पण चंद्रिकाबेनला हे कोण सांगणार? पालवी फुटली त्या दिवशी ती शिरा घेऊन आली हो. ‘जो, बघ, मनोरमाबेन, माझ्या लालीने फुकटात छाटणी करून दिली.’ अख्ख्या गल्लीत सांगून आली. आणि त्या दिवसापासून रोज सकाळी स्वतःच्या घरची बादली भरून आणायची आणि त्या साठांना, फक्त त्या साठांना, पाणी घालायची. प्रायश्चित्तच म्हणा. मी उद्या सांगते, परवा सांगते. एकदा तर मनाशी धरून फाटकापर्यंत गेले, तर ती लालीला सांगत होती, ‘बघ, तुझी झाडं कशी झालीत.’ आले परत.

साठातली वीसच कशी राहिली? — बरोबर मोजलीत तुम्ही. चाळीस गेली. रानशेतचे शैलेश सर आहेत, मास्तर, त्यांनी नेली जूनमध्ये. मी नव्हते त्या दिवशी, डहाणूला बाजारात गेले होते, चंद्रिकाबेननेच दाखवली, तिला काय माहीत बिचारीला, ती आपली कौतुकाने म्हणाली, हीच न्या सर, मी वाढवलीत. मी त्यांना म्हटलंसुद्धा, की सर, पुढच्या रांगेतली बघा ना —

हं. मी बाजारात होते तर कसं म्हटलं, असंच ना?

होते मी, ताई. इथेच उभी होते, ह्या पाइपापाशी. ‘पुढची बघा’ एवढंच म्हणाले, तेही पुटपुटले. चंद्रिकाबेन शेजारी उभी, पदर खोचलेला, चेहरा असा उजळलेला. आणि मी चाळीस पिशव्या टेम्पोत चढवायला हात लावला. 

मग सहा-सात महिने मनाला समजावत होते, मास्तरांना काय कळणार, रायणीलाही फळ येतंच की. पण संक्रांतीला सरांनी फोनवर फोटो पाठवला. चाळीस झाडं रांगेत, प्रत्येकाभोवती काट्यांचं कुंपण. खाली लिहिलेलं, ‘बकऱ्यांची काळजी घेतली आहे. आठ वर्षांनी निवृत्त होईन तेव्हा चिकू खायला यायचं.’ मला हसू आलं आणि मग जेवण गेलं नाही.

रविवारी गेले रानशेतला. जिव्याला बरोबर घेतलं, चाळीस नवी कलमं घेतली. सरांच्या अंगणात उभं राहून सगळं सांगितलं, अगदी बकरीपासून. सर ऐकत होते. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, ‘तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?’ मी म्हटलं, दिली त्याच्या आधीपासून. मग एका झाडाचं पान धरून त्याचं टोक बघितलं. म्हणाले, ‘रायणी बांधावर हलवू. पोरं खातील उन्हाळ्यात.’ आणि जिव्याबरोबर स्वतः खड्डे खणायला लागले. मला चहा दिला, पण माझ्याशी फारसं बोलले नाहीत. बरोबरच आहे.

परत आले ती सरळ चंद्रिकाबेनकडे. लाली दारातच. सांगितलं. तिला आधी कळेचना. मग म्हणाली, ‘म्हणजे दहा महिने मी तुझ्या मेलेल्या झाडांना पाणी घातलं?’ म्हटलं, मेलेली नाहीत गं, रायणीची आहेत. ‘आणि तू रोज बघत होतीस?’ म्हटलं, हो. ‘ओरडायचं होतंस मला. चार शब्द ऐकवायचे होतेस, मी दोन दिवस रुसले असते, संपलं असतं. मला एवढंही सोसणार नाही असं वाटलं तुला?’ वीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या तोंडावर दार लावलं. कडीसुद्धा. रात्रभर मी तोच विचार करत होते, की लालीने साठ शेंडे खाल्ले ते केव्हाच परत फुटले, पण हे —

हॉर्न वाजला का? तुमचाच टेम्पो. चला, उठा, पिशव्या खालून धरा, वरून उचलू नका, सांधा हलतो. पुढच्या रांगेतलीच द्यायची ना? टोकं बघून घ्या एकदा, माझ्यावर विसंबू नका.

कसली बादली? हां, ती फाटकाजवळची. ती चंद्रिकाबेनचीच. सोमवारी सकाळी मी दार उघडलं तर ती रोजच्यासारखीच त्या वीस झाडांना पाणी घालत होती, माझ्याशी एक शब्दही बोलली नाही, आणि तिच्या डाव्या हातात दोरी होती, आणि दोरीला लाली होती.