काशीला सोडलेली मटकी

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. देवाला काही द्यायची वेळ आली की आपण काय देतो? आवडतं देतो — की नको असलेलं? अहो, खाली काय बघता? सतरंजीवर उत्तर लिहिलेलं नाही!

तर ऐका. आमच्या गावात अण्णा करमळकर होते. वय साठ. पोट आधी देवळात यायचं, अण्णा मागून! जिलबी म्हणजे जीव की प्राण. आणि उसळ? उसळ म्हणजे शत्रू! त्यांच्या पत्नी उमाकाकू बिचाऱ्या मटकीला मोड आणायच्या, वाल सोलायच्या, हुलग्याचं पिठलं करायच्या — आणि अण्णा ताट सरकवायचे. "हुलगे घोड्याला घाल! मी काय टांग्याला जुंपलोय?"

काकू म्हणायच्या, "अहो, माझ्या माहेरची माणसं हेच खाऊन नव्वदीला पोचली."

"नव्वद वर्षं उसळ खायची? ही शिक्षा झाली!"

पुढं दोघं काशीला गेले. आता काशीची रीत तुम्हाला ठाऊक आहे — आपली एक आवडती वस्तू तिथं कायमची सोडायची. अण्णा गंगेत उभे. डोळे मिटलेले, ओंजळीत पाणी. काकूंना वाटलं, सुटली बाई जिलबी! आणि अण्णा जड आवाजात म्हणतात कसे — "कडधान्य सोडलं! मटकी, वाल, हुलगे, चवळी, पावटे — सगळं सोडलं!"

उपाध्याय थक्क! "यजमान, लोक एखादी भाजी सोडतात. तुम्ही तर अख्खं कोठार सोडलंत!"

काकू तोंड उघडणार, तोच अण्णा कानाशी — "कुणाला बोललीस तर माझी शपथ आहे!"

झालं! गावात आले ते संत होऊनच. "अण्णांचा केवढा जीव हो मटकीवर! सोडली!" लोक पाया पडायला लागले. पंगतीत वाढपी उसळ घेऊन आला की अण्णा हात आडवा धरायचे, डोळ्यांत पाणी आणायचे. यजमानीण हळहळायची — आणि उसळीऐवजी चार जिलब्या जास्त वाढायची! त्याग असावा तर असा! हसताय? हसा, हसा. तुमचाही नंबर आहे पुढं.

पाच वर्षांनी अण्णांच्या पायाला जखम झाली. भरेना. डॉक्टर म्हणाले, "रक्तात साखर फार वाढलीय. औषध मी देतो, पण ताट तुम्ही बदला. गोड बंद, आणि रोज वाटीभर उसळ. नाहीतर पाय जाईल, आणि ते पायावर थांबणार नाही."

अण्णांनी मला एकट्याला बोलावलं, कुणाला न सांगायच्या बोलीवर खरं काय ते सांगितलं. "बुवा, आता व्रत मोडू कसं?"

म्हटलं, "अण्णा, व्रत झालंय कुठं मोडायला? आवडतं सोडायचं होतं. चार माणसांत सांगा, मला मटकी कधी आवडलीच नाही. आणि बसा खायला!"

अण्णा पांढरेफटक. "चार माणसांत? बुवा, लोक पाया पडतात माझ्या!"

"त्याच पायाचं चाललंय, अण्णा!"

ऐकलं नाही. काकू रोज वाटी पुढं ठेवायच्या. "लोकांना काय वाटायचं ते वाटू दे हो. मला तुम्ही हवे आहात." मंडळी, मी तिथं बसलो होतो. मला रडू आवरेना. पण अण्णा ढिम्म! चोरूनसुद्धा खाईनात — फोडणीचा वास शेजारी जाईल म्हणून! आणि जिलबी? ती चालूच! ती कुठं काशीला सोडली होती?

पाय गेला. सहा महिन्यांत अण्णाही गेले.

दहाव्याला घाटावर पिंड मांडले. कावळा शिवेना! गाव कळवळलं. "बिचाऱ्यानं जन्मभराची आवड सोडली होती, आता तरी द्या!" घराघरांतून वाट्या आल्या — मटकीची उसळ, वालाचं बिरडं, हुलग्याचं पिठलं! कावळे झाडावर बसून नुसते बघताहेत. ऊन चढलं. भटजी घामाघूम. "अहो, यांची इच्छा तरी काय राहिलीय?"

तेव्हा उमाकाकू उठल्या. म्हणाल्या, "जिलबी आणा. ह्यांना मटकी कधीच आवडली नाही. शपथ होती म्हणून गप्प बसले. बसायला नको होतं."

जिलबी आणली, ठेवली — ठेवणाऱ्याचा हात मागं येतोय न येतोय, तोच कावळ्यानं झडप घातली! जे झाकायला अण्णांनी पाय दिला, जीव दिला, ते एका कावळ्यानं गावासमोर उघडं केलं!

उमाकाकू आज शहाऐंशीच्या आहेत. अजून स्वतः मटकी निवडतात. म्हणतात, "बुवा, ताट एकच वाढावं लागतं, तेवढं मात्र जड जातं."

आता तुम्ही! "उसळीनं मला गॅस होतो" म्हणता — आणि भज्यांनी होत नाही? घरची माऊली वाटी पुढं ठेवते, आणि तुम्ही नाक मुरडता! देव तुमचं काय घेणार आहे हो? तो म्हणतो, दिलेला देह नीट सांभाळ, माझं मला पावलं!

थांबा, टाळ नंतर वाजवा. आधी आज घरी जाऊन मटकी कोण भिजत घालणार? हात वर करा! ... एवढेच? बरं. मग बाकीच्यांनी आजच घरी सांगून ठेवा — दहाव्याला काय मांडायचं ते!