धुराचा वास

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक बहीण-भाऊ बसले होते. त्यांचे वडील आत तपासणीला गेले होते. भाऊ थेट कामावरून आला असावा, कारण त्याच्या वनरक्षकाच्या खाकी शर्टाला धुराचा वास येत होता.

"विझली का रे तुमची आग?"

"आम्ही विझवतच नाही आहोत, ताई. वीज पडून लागलीय, पार आतल्या रानात. तिकडे ना वस्ती, ना रस्ता. वाळलेला पाचोळा जळून गेला तर रानाचं भलंच होतं. एका अंगाला नदी आहे, दुसरीकडे उघडा खडक. तिथवर येऊन थांबेल."

"मग तुम्ही करता काय?"

"लक्ष ठेवतो. वारा फिरला आणि ठिणगी खडकापलीकडे गेली, की मग मात्र तुटून पडायचं."

"लोक नावं ठेवत असतील."

"ठेवतात की! हातावर हात धरून बसलेत म्हणतात. अगं, पाणी मारणं सोपं असतं. नुसतं बघत बसायलाच छाती लागते."

"अण्णांच्या बाबतीतही डॉक्टर तेच म्हणतात. गाठ फार हळू वाढतेय. या वयात कापाकापी नको, फक्त अधूनमधून तपासत राहायचं."

"म्हणजे काहीच करायचं नाही? असले कसले डॉक्टर! उद्याच दुसरीकडे दाखवू."

बहिणीने त्याच्या धुरकटलेल्या शर्टाकडे पाहिलं.

"अशी बघू नकोस, ताई. रानात मला नदी दिसते, खडक दिसतो. इथे कुठे आहे नदी?"

"मला तरी कुठे दिसतेय? म्हणून तर तुला बोलावून घेतलं."