बालवाडीचा गज

माझी मंगल कानाला अजून कुणाला हात लावू देत नाही, त्याचं कारण ऐका. गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि मुळगावात सरकारी बालवाडी बांधत होते. खिडकीला नवे गज बसले, त्यात तीन वर्षांच्या मंगलनं डोकं घातलं. आत गेलं, पण बाहेर येईना.

मी धावत गेले. शेजारचा लोहार करवत घेऊन आला, तर बांधकामावरचा कोल्हापूरकडचा मुकादम आडवा उभा राहिला.

“गज कापायचा न्हाई, वैनी. सरकारी कामाला आपल्या देशातल्या कारखान्याचंच लोखंड लागतंय. बाजारातला कसलाबी गज चालत न्हाई. साहेब शिक्का बघून, मोजून गेल्यात. दुसरा कुठनं आणू?”

“आणि ह्या माझ्या चेडवाची, मंगलची मान मोडली तर दुसरी मी खंयसून हाडू?”

तरी तो बाजूला होईना. मंगल रडून लाल झाली होती. शेवटी लोहारच म्हणाला, “बाय, खोबरेल हाड गो.” मी घरून वाटीभर तेल आणून दोन्ही कानांना चोळलं, डोकं हळूहळू आडवं वळवलं, आणि ती सुटली.

मुकादमानं आधी गजावरून हात फिरवला. “बघा वैनी, देशी लोखंड! जरासुद्धा वाकलं न्हाई.”

मी मंगलला कडेवर घेतलं. म्हटलं, “हें चेडूंय देशीच, मुळगावचें. तेंय वाकूंक ना. तेका शिक्को कोण मारतलो?”